हलकी एल, नवखे मित्र आणि बेळगावची हवा

प्रश्न थोडक्यात असा आला: "मी मूळ टिळकवाडीतला, नोकरी बंगळूरला. तिथल्या मायक्रोब्रुअरींमुळे क्राफ्ट बिअरची गोडी लागली. गावाकडचे शाळेपासूनचे मित्र मात्र एकतर बाटलीतली स्ट्राँग घेतात, नाहीतर थेट व्हिस्की. मागच्या खेपेला त्यांच्यासाठी आयपीए, म्हणजे चांगलीच कडू बिअर, नेली, तर एकजण म्हणाला, 'काढा आणलायस की गा.' त्यांना रुचेल अशी हलकी एल (खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) स्वतः करायची आहे, २० लिटर. बेळगावच्या पाण्या-हवेत जमेल का, आणि कशी करू?"

जमेल. तेही नोव्हेंबर ते जानेवारीत धरलंत तर देशातल्या बऱ्याच शहरांपेक्षा सोप्या रीतीने जमेल. पण माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) आधी कायदा. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. "विकत नाही, घरातच पितो" म्हणून सुटका नाही. शिनोळी ओलांडून चंदगडात जाऊन केलंत तरी फरक पडत नाही, तिकडे महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेनेही १९७८ मध्ये केंद्रीय कायदा बदलला. म्हणून तिकडची पुस्तकं आणि व्हिडिओ हे घरच्या ओट्यावरचं काम धरून बोलतात. ते बघून गच्चीवर शेगडी मांडू नका. परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत ओळख काढा. २००९ मध्ये पुण्यात देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली, तेव्हापासून हा धंदा चांगला पसरलाय. नवी पाककृती आजमावायला बऱ्याच ठिकाणी एक छोटं भांडं ठेवलेलं असतं. मधल्या वारी, गर्दी नसताना गेलात तर ब्रुअर लोक बोलायला आणि करू द्यायलाही तयार असतात. मी हे काम परवान्याच्या जागेतच करतो, आणि खाली जे सांगतोय ते तिथलंच, फक्त २० लिटरच्या मापात.

घरच्यांची भीती वेगळी असते. आईला "बिअर करतोय" म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर हातभट्टी येते आणि विषारी दारूच्या बातम्या येतात. तिला एवढंच सांगा की बिअर गाळत नाहीत. उकळायचं, निववायचं, आंबवायचं, संपलं. सातूपासून आंबवलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं, आणि ते एकवटायला जे ऊर्ध्वपातन लागतं ते इथे होतच नाही. बिघडलेली बिअर आंबट लागेल, घाण वास मारेल, ओतून द्यावी लागेल, पण तिने कोणी आंधळं होत नाही.

आता मित्रांकडे. आयपीए त्याला काढा वाटली यात त्याचं काही चुकलं नाही. रोजच्या बाटलीतल्या लागरचा (गारव्यात आंबवलेल्या बिअरचा) कडूपणा साधारण १० ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असतो, आयपीएचा ५० ते ७०. आयुष्यभर बिनसाखरेचा चहा न प्यायलेल्या माणसाला एकदम कोरा चहा द्यावा तसं ते झालं. तुम्हाला हवी ती ब्लाँड एल किंवा क्रीम एलच्या घरातली बिअर: रंग फिकट सोनेरी, कडूपणा २० च्या आत, अंगाने हलकी, अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. पहिला घोट ओळखीचा वाटला पाहिजे, आणि अर्धा ग्लास संपल्यावर "यात काहीतरी बरं आहे" असं त्यांचं त्यांनाच जाणवलं पाहिजे. ब्रेडसारखा ताजा वास, थोडी फळाची झाक, मागे गोडसर कडू. बस.

इथे एक मोह आवरा. स्ट्राँगची सवय असलेले मित्र विचारणार, "चढंल काय ही?" म्हणून साखर किंवा कोल्हापुरी गूळ घालून सात टक्क्यांवर न्यायची इच्छा होते. नको. गुळाने चव मळीकडे झुकते. आणि साध्या साखरेने बिअर पातळ होते, पण जळजळीत लागते. चार टक्क्यांची बिअर त्यांना दोन ग्लास निवांत पिऊन गप्पा मारायला मिळाली, तर तुमचा उद्देश साधला. आंबा, कोकम, काजूबोंड हेही पुढच्या कधीतरीसाठी ठेवा. पहिल्या बिअरमध्ये फळ घातलं की मित्र फळाचीच तारीफ करतात, आणि खाली बिअर कशी झालीय ते कोणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही.

हलकी एल म्हणजे सोपी एल, असं मात्र समजू नका. आयपीएमध्ये थोडा दोष राहिला तर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) झाकतात, स्टाउटमध्ये भाजलेलं माल्ट झाकतं. इथे झाकायला काहीच नाही. पाण्यातलं क्लोरीन, आंबवताना चढलेलं तापमान, नीट न धुतलेला नळ, सगळं पहिल्या घोटात समोर येतं. म्हणून या उत्तरात हॉप्सवर थोडं आणि पाणी-तापमानावर जास्त बोलणार आहे.

माल्टपासून सुरू करू. आपल्याकडे मिळणारं देशी माल्ट बरंचसं सहा ओळींच्या सातूचं असतं. त्यात प्रथिनं जास्त आणि साल जास्त, त्यामुळे नुसतं तेच वापरलं तर बिअर गढूळ आणि जरा खरखरीत होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या ब्रुअरांपुढे हाच प्रश्न होता, आणि त्यांनी मका नि तांदूळ मिसळून तो सोडवला. त्याच वाटेने त्यांची हलकी लागर आणि क्रीम एल आली. सहा ओळींच्या माल्टमध्ये विकरंही भरपूर असतात, त्यामुळे सोबत घातलेल्या तांदळाच्या पिष्टाची साखर करायला ती पुरून उरतात.

तांदूळ तर आपल्या खानापूर-बेळगावच्या मातीतलं पीक. पण कच्चा तांदूळ थेट घालता येत नाही. त्याचं पिष्ट फुलायला मॅशिंगपेक्षा (माल्ट गरम पाण्यात भिजवण्यापेक्षा) जास्त तापमान लागतं, म्हणजे आधी वेगळा भात शिजवत बसा. त्यावर तोड आपल्या डब्यातच आहे: पोहे. भात भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात, त्यात पिष्ट आधीच फुललेलं असतं. परदेशी पाककृतींत जिथे चेपलेला तांदूळ लिहिलेला असतो तिथे निर्धास्त पोहे घाला. जाड पोहे घ्या, चाळून भुसा काढा, धुऊ नका. चिरमुरेही तत्त्वतः चालले असते, पण आपल्याकडचे चिरमुरे मिठाच्या पाण्यातले असतात. ते ग्लासाशेजारच्या ताटलीतच बरे.

२० लिटरसाठी प्रमाण असं धरा: पेल माल्ट ३.२ किलो, गव्हाचं माल्ट पाव किलो, जाड पोहे अर्धा किलो. गव्हाचं माल्ट फेस टिकावा म्हणून. सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता (माल्टमधली साखर पाण्यात उतरण्याचं प्रमाण) मिळाली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता) १.०४२ येईल, आणि आंबून १.००९ च्या जवळ थांबली की अल्कोहोल ४.३ टक्के. माल्ट भरडलेलंच मागवा. पिठाच्या गिरणीत देऊ नका. तिथे साल पिठासारखी बारीक होते, आणि मग तीच साल चहा जास्त उकळल्यासारखा तुरटपणा सोडते. दाणा फुटून कण्या व्हाव्यात, साल मात्र अख्खी दिसावी, असा भरडा हवा. पावसाळ्यात माल्ट मागवणार असाल तर जेवढं लागेल तेवढंच मागवा. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत उघडं पोतं आठवड्यात सादळतं. दाताखाली दाणा कुरकुरला नाही तर तो गेला समजा.

पाणी. शहराला रकसकोप आणि हिडकल या दोन धरणांचं पाणी येतं, शिवाय कित्येक घरांत जुनी विहीर किंवा बोअर असते. बोअरचं पाणी फिकट बिअरला वापरू नका, त्यातला क्षार मॅशचा सामू (पीएच) वर नेतो आणि सालीतला तुरटपणा खेचून आणतो. नळाचं पाणी घ्या, पण त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात तर कधी कधी बादली भरतानाच नाकाला कळतं. हे क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की दवाखान्याच्या पट्टीसारखी चव येते, आणि ती कशानेच जात नाही. पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा किंवा आधी उकळून घ्या. घाई असेल तर सरबतं टिकवायला वापरतात ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर पाव ग्रॅम, ढवळून दहा मिनिटं थांबा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शेकड्यांत मिळतो, घेऊन ठेवा. आकडा ३०० च्या वर दिसला तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. अगदी मऊ पाणी असेल तर खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड ५ ग्रॅम, एवढं पुरे. सामू ५.२ ते ५.५ मध्ये बसला की पाण्याचा विषय संपला. त्यात आणखी खोल जाणारे लोक आहेत, तुम्हाला आज त्याची गरज नाही.

एकूण पाणी २८ ते २९ लिटर घ्या. ४० लिटरचं स्टीलचं पातेलं आणि आत कापडी पिशवी, हीच पद्धत या मापाला बरी. माल्ट पिशवीतच भिजतं आणि शेवटी पिशवी उचलून घ्यायची. पाणी ६८ अंशांवर आणा, गॅस बंद करा, मग माल्ट आणि पोहे हळूहळू सोडत ढवळा. गुठळ्या ठेवू नका, पोह्यांच्या तर हमखास होतात. मिश्रण ६५ वर स्थिरावेल. पातेल्याला जुनी रजई गुंडाळा आणि तासभर विसरा. ६५ ला पातळ, झटकन आंबणारी साखर जास्त होते, म्हणून बिअर हलकी राहते. ६९–७० ला गेलात तर अंग जड होईल, जे इथे नको.

तास झाला की चमचाभर रस पांढऱ्या बशीत घ्या आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन एक थेंब सोडा. थेंब पडला तिथे निळा-काळा डाग उठला तर पिष्ट अजून शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. थेंब आपल्या तपकिरी-पिवळ्या रंगातच पसरला तर काम झालं. बशीतलं फेकून द्या, परत पातेल्यात नको. पोह्यांमुळे ही परीक्षा टाळू नका, उरलेलं पिष्ट पुढे बिअरला कायमचं गढूळ करतं.

पिशवी उचला, निथळू द्या, पिळू नका. चोथा त्याच दिवशी ओळखीच्या गवळ्याला देऊन टाका, म्हशी आवडीने खातात. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलात तर आंबून गल्लीभर वास सुटेल.

आता उकळी, एक तास. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून तो बिघडलाय असं समजून नवा आणणारे मी पाहिलेत. उलट याच गोष्टीने थर्मामीटर तपासून घ्या: खळखळत्या पाण्यात ९७ ते ९८ दाखवला तर तो बरोबर आहे. झाकण पूर्ण लावू नका. उकडलेल्या कणसासारखा वास देणारं द्रव्य वाफेबरोबर जायला हवं. पेल माल्टऐवजी पिल्सनर माल्ट मिळालं असेल तर तासाऐवजी दीड तास उकळा, त्यात ते द्रव्य जास्त निघतं, आणि मग सुरुवातीला दीड-दोन लिटर पाणी वाढवा.

हॉप्स आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये थोडे होतात, बाकी सगळे बाहेरचे. हालरटाऊ किंवा टेटनांग, पाच टक्क्यांच्या आसपास अल्फा (कडूपणा देणारं आम्ल) असलेले, घ्या. उकळी आल्यावर २५ ग्रॅम, शेवटची दहा मिनिटं राहिली की १५ ग्रॅम. कडूपणा १९–२० ला येतो. कॅस्केड मिळाले तर पहिली खेप २० ग्रॅमच ठेवा, थोडा मोसंबीचा वास येईल, तोही नवख्यांना चालतो. आल्यावर पाकीट फ्रीझरमध्ये, तोंड घट्ट बंद करून. उघडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला तर हात लावू नका. ड्राय हॉपिंग, म्हणजे उकळीनंतर आंबवताना हॉप्स घालणं, या बिअरला करायचं नाही.

गॅस बंद झाल्यापासून स्वच्छता हाच धर्म. याआधी जे काही पडलं ते उकळून मेलं, आता जे पडेल ते जगेल. निववायला तांब्याची गुंडाळी लागते, आठ-दहा मीटर नळी पातेल्यात बसेल अशी वळवलेली. बाहेरून मागवायची गरज नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचं काम करणाऱ्यांची काय कमी, नळी वळवून दोन जोड देणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ. गुंडाळी शेवटची पंधरा मिनिटं उकळीतच बुडवून ठेवा, निर्जंतुक होते. थंडीतल्या नळाच्या पाण्याने रस २५–२६ पर्यंत येतो. तिथून खाली आणायला बादलीत बर्फ टाकून तेच पाणी पंपाने फिरवा. ड्रम, नळ, चाळण, चमचा, सगळं फॉस्फरिक आम्लाच्या किंवा आयोडीनच्या सॅनिटायझरने. घरातलं जंतुनाशक अजिबात नको, त्याचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि मग त्या ड्रममधली प्रत्येक बिअर तोच वास मारते. ड्रम ३० लिटरचा घ्या. २० लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये फेसाला जागाच उरत नाही, रात्रीत फरशीवर फेस आणि मुंग्या.

यीस्ट कोरडंच घ्या, यूएस-०५ सारखं तटस्थ, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. नुसतं वर भुरभुरवलं तरी उठतं. पण विकणाऱ्याकडे ते कसं ठेवलं होतं ते विचारा. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात आठवडा काढलेल्या पाकिटाचा भरवसा नाही.

आणि आता ज्यावर सगळी बिअर तरते किंवा बुडते ती गोष्ट. यीस्ट १८ ते २० अंशांना ठेवलं तर ते गुपचूप काम करतं. २५ च्या वर गेलं की फळांचे उग्र वास आणि घशाला लागणारं जड अल्कोहोल तयार होतं.  मेख अशी की आंबताना रस स्वतःच तापतो. खोली २२ असेल तर पहिल्या तीन दिवसांत ड्रमच्या आत २५ सहज होतं. म्हणून भिंतीवरचा नाही, ड्रमला चिकटवलेला तापमापक बघा.

थंडीत आपल्याकडे रात्री १४–१५ पर्यंत उतरतं. जमिनीलगत, उत्तरेकडच्या खोलीत ड्रम ठेवला तर फारसं काही करावं लागत नाही, उलट पहाटे फार गार होऊ नये म्हणून पोतं गुंडाळावं लागतं. फेब्रुवारी-मार्चला हवा कोरडी असते, तेव्हा ड्रम परातीत पाण्यात उभा करा, वरून ओलं गोणपाट गुंडाळा, खालचं टोक पाण्यात राहू द्या. माठ ज्या कारणाने पाणी गार ठेवतो त्याच कारणाने तीन-चार अंश उतरतात. हीच युक्ती जुलैत करायला गेलात तर गोणपाट फक्त कुजतं, पाणी उडतच नाही, कारण हवेतच ओल भरलेली असते. पावसाळ्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, किंवा जुना फ्रीज आणि तापमान नियंत्रक. एप्रिल-मे मध्ये फ्रीज नसेल तर करूच नका.

दुसऱ्या दिवशी फेस चढेल, चार-पाच दिवसांत उतरेल. वरच्या नळीतले बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं नाही. दहाव्या दिवसानंतर हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघा, मग एक दिवस सोडून परत, परत एक दिवस सोडून. तिन्हीदा १.००९ च्या आसपास तोच आकडा आला तर थांबली. नमुना चाखा. लोण्यासारखं किंवा कच्च्या सफरचंदासारखं लागलं तर यीस्टचं काम राहिलंय, आणखी तीन-चार दिवस खोलीच्या उबेत ठेवा, तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. घाईने बाटल्या भरणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपराध. चवीसाठी तर आहेच, पण धोक्यासाठीही: अर्धवट आंबलेली बिअर बंद बाटलीत आंबत राहते आणि काच फुटते.

बाटल्या म्हणून ६५० मिलीच्या जुन्या बिअरच्याच, तपकिरी रंगाच्या, भंगारवाल्याकडून. साधारण तीस लागतील. काठ तडकलेली एकही घेऊ नका. दारूच्या चपट्या किंवा सरबताच्या बाटल्या दाब सोसत नाहीत. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड जातो नि हॉप्सचा वास बिघडतो. २० लिटरला १२० ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, निववून, रिकाम्या निर्जंतुक ड्रमच्या तळाशी घाला आणि वरून बिअर नळीने सावकाश सोडा. नळीचं टोक तळाला राहिलं पाहिजे. इथे खळखळाट झाला, हवा मिसळली, तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. प्रत्येक बाटलीत वेगळी चमचाभर साखर घालण्याची पद्धत काही जण सांगतात. माझं मत विचाराल तर ती सोडा, एक बाटली मिळमिळीत आणि शेजारची कारंजं. एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची भरून ठेवा. ती दाबून दगडासारखी कडक लागली की बाकीच्यांतही वायू भरला. खोक्यात, वरून जाड कापड टाकून, दोन आठवडे २० अंशांच्या वर. मग फ्रीजमध्ये निदान तीन दिवस, उभ्याच.

मित्र येतील त्या दिवशी बाटली कोणाच्या हातात देऊ नका. आपल्याकडे बाटली तोंडाला लावायची किंवा उलटी करून भसकन ओतायची सवय, आणि या बाटलीच्या तळाशी यीस्टचा थर असतो. तुम्ही स्वतः ग्लास तिरका धरून सलग ओता, तळाचं बोटभर बाटलीतच राहू द्या. तो थर पोटात गेला तर काही होत नाही, पण गढूळ ग्लास बघून "खराब झालीय" हा शेरा आधी येणार. ग्लास फ्रीझरमध्ये गोठवू नका. ७–८ अंशांची बिअर चवीला लागते, बर्फासारखी गार फक्त गार लागते.

सोबत काय ठेवता यावरही बरंच आहे. संकेश्वरी मिरचीचा झणझणीत रस्सा समोर असेल तर बिअरचे बुडबुडे आणि कडूपणा दोन्ही तिखटाला आणखी चेतवतात, आणि दोष बिअरला लागतो. ब्याडगीच्या रंगातलं, कमी तिखट सुकं मटण, तळलेली मासळी, किंवा चिरमुऱ्यात शेंगदाणे, कांदा आणि लिंबू, यांच्याबरोबर ही एल खुलते. रस्सा नंतर जेवणात येऊ दे. बिअरबद्दल भाषण मात्र देऊ नका. आयबीयू, माल्ट, यीस्ट कोणी विचारलं तरच सांगा. आणि गाडी चालवणारा आधीच ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा हलक्या बिअरनेही ओलांडते, आणि ग्लास हलका लागतो म्हणून तिसरा कधी झाला ते कळत नाही.

नाताळच्या सुट्टीत पाजायची असेल तर पातेलं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत चढवा. ही बिअर मुरवून सुधारणारी नाही. फ्रीजमध्ये ठेवून दोन महिन्यांत संपवा. दुसऱ्या खेपेला बदल करायचा झाला तर एकच करा: मित्रांना कडूपणा चालला असेल तर शेवटच्या दहा मिनिटांचे हॉप्स १५ चे ३० ग्रॅम करा, बाकी सगळं जसंच्या तसं.